पाना जागेवर: इच्छापोरच्या गॅरेजमधला एक दिवस

पहाटे ५.३०

डिसेंबरात इच्छापोरला पहाटे धुकं उतरतं आणि त्या धुक्यात खारेपणा असतो. तापीचं मुख जवळ, हजीऱ्याचा समुद्र जवळ. रात्रभर उघड्या राहिलेल्या लोखंडावर सकाळी बोट फिरवलं की बोटाला तांबूस रंग लागतो. म्हणून माझा दिवस चहाच्या आधी तेलाच्या फडक्याने सुरू होतो. इंजिन ऑईलमध्ये भिजवून पिळलेलं सुती फडकं घ्यायचं आणि भिंतीवरच्या एका फळीवरचा एकेक पाना पुसायचा. रोज एक फळी, चार दिवसांत चार फळ्या, पाचव्या दिवशी पुन्हा पहिली. तेल दिसेल इतकं लावायचं नाही, कारण त्यावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते. हाताला नुसता गुळगुळीतपणा जाणवला की पुरे.

आई वरच्या खोलीतून विचारते, "उठना का रे भाऊ?" पन्नास वर्षं सुरतेत काढूनही तिची अहिराणी सुटलेली नाही. आम्ही मूळचे पारोळा तालुक्यातले. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली घरं जागोजागी आहेत, इकडे हजीरा रोडला त्यामानाने कमी. पण माझ्या गॅरेजसमोरून जाणारा हा रस्ता, आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि जुना ६, हजीऱ्याहून निघून बारडोली, नवापूर, धुळे करत थेट पारोळा-एरंडोलवरून जळगावकडे जातो. वडील म्हणायचे, गावापासून लांब आलो असं वाटलं तर दारात उभं राहायचं. आपला रस्ता दारातच आहे.

सकाळी ७.००

शटर वर जातं. नवापूरकडचा पोऱ्या येऊन आधी जमीन झाडतो, मग फळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्येक पान्याच्या मागे लाल रंगाने त्या पान्याचीच आकृती रंगवलेली आहे. पाना काढला की लाल आकृती उघडी पडते. रात्री बंद करताना एकही लाल आकृती दिसता कामा नये, इतका साधा नियम. "सगळे जागेवर, दादा," तो म्हणतो आणि मग मी चहा घेतो.

चार फळ्या चार मापांच्या. पहिली मिलिमीटरची, दुसरी एएफची, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर इंचात, तिसरी व्हिटवर्थची आणि चौथी जहाजावरून आलेल्या मोठ्या पान्यांची. फिक्स पाने, रिंग पाने, गोटी पाने म्हणजे सॉकेट, स्क्रू पाने, पाइप पाने, पुलर, टॉमी, पकडी. शिवाय स्क्रू ड्रायव्हर, ज्याला इथे सगळे 'डिसमिस' म्हणतात. माझी मुलंही तेच म्हणतात.

बघणाऱ्याला हा संग्रह वाटतो. संग्रह आहेच, पण काचेमागचा नाही. इथला प्रत्येक पाना वर्षातून एकदा तरी नटावर बसतो. जो बसत नाही तो मी दुसऱ्या एखाद्या गॅरेजला देऊन टाकतो, जिथे तो बसेल.

पहिल्या फळीवर वडिलांचा रिंग पान्यांचा संच आहे, गेडोरचा. हे नाव 'गेब्र्युडर डोविडाट, रेमशाइड' यातून झालं. रेमशाइड हे जर्मनीतलं हत्यारांचं गाव आणि डोविडाट बंधूंनी १९१९ मध्ये तिथे हा कारखाना काढला. पुढे याच नावाचे पाने हरियाणातल्या फरिदाबादलाही तयार झाले आणि भारतभर ट्रकच्या गॅरेजांत पोचले. शेजारी तापडियाच्या पकडी आहेत. तापडियाने १९६९ मध्ये स्वीडनच्या कारागिरीची मदत घेऊन नाशिकला हातहत्यारं बनवायला सुरुवात केली. आज महाराष्ट्रात ज्या घरात एखादी पक्कड आहे, तिथे ती नाशिकची असण्याचा संभव मोठा आहे. स्वीडनचं देणं आणखी एक. आपण ज्याला स्क्रू पाना म्हणतो, तो आजच्या रूपात योहान पेटर योहानसन या स्वीडिश कारागिराने घडवला आणि १८९२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंगठ्याने फिरवायची ती छोटी दातेरी चकती सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

सकाळी ८.३०

बारडोलीकडून एका शेतकरी काकांची जीप आली. साठच्या दशकातली महिंद्राची, पेट्रोल इंजिनाची. वडिलांनी घेतलेली, आता नातवाच्या लग्नात वरात हिच्यातूनच काढायची आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी गॅस गळतो आणि डाव्या पुढच्या चाकात आवाज आहे.

आधी सायलेन्सर. पाइप जिथे इंजिनाला जोडतात तिथल्या नटांकडे बॅटरी मारली आणि काय झालंय ते कळलं. नटाचे सहाही कोपरे गोल झालेले. नट नऊ-सोळांश इंचाचा, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. त्यावर चौदाचा पाना जात नाही. पंधराचा जातो, पण पाऊण मिलिमीटर सैल बसतो. कुणीतरी पंधराचा लावून पूर्ण जोर दिलाय. पाना कोपऱ्यावर घसरला, कोपरा गेला. मग पाइप पान्याने धरलंय, त्याचे दातही उमटले आहेत.

माझं सगळं म्हणणं या एका नटात आहे. जुन्या गाडीचे पार्ट अजून मिळतात. मुंबईत मिळतात, दिल्लीत मिळतात, नाही मिळाले तर लेथवर करून घेता येतात. पण तिच्या मापाचे पाने ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या हाताखाली ती गाडी दर दुरुस्तीला थोडी थोडी मरते. नट गोल होतात, आटे जातात, मग छिन्नी येते, मग वेल्डिंग. शेवटी मालक म्हणतो, आता हिच्यात काही राहिलं नाही. गाडी म्हातारी झाली म्हणून संपत नाही. तिला धरणारा पाना गावात उरत नाही, म्हणून संपते.

दुसऱ्या फळीवरून सहा कोनांची जुनी गोटी काढली. बारा कोनांची गोटी पटकन बसते, कारण ती थोडी फिरवली की खाच सापडते, पण जोर येतो तो नटाच्या कोपऱ्यांजवळ. सहा कोनांची गोटी नटाच्या सपाट बाजू धरते. कोपरे गेलेल्या नटाला तोच आधार उरलेला असतो. आधी आट्यांत तेल सोडलं, पंधरा मिनिटं थांबलो, नट गॅसने तापवला, थोडं निवू दिलं आणि गोटी हातोडीने हलकेच ठोकून बसवली. दांडा ओढताना झटका दिला नाही. वजन हळूहळू टाकत गेलो. एक बारीक 'कुर्र' आवाज झाला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. नट सुटला.

मग चाक. पोऱ्या डाव्या बाजूचे नट सोडायला बसला होता. दांड्यावर उभा राहिला तरी नट हलेना. मी त्याला खाली उतरवलं आणि नटाच्या तोंडावरचं ग्रीस पुसायला सांगितलं. खाली 'एल' हे इंग्रजी अक्षर कोरलेलं होतं. या जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे, चाक फिरताना नट आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून. तो सोडतोय असं समजून नट आणखी आवळत होता. "आधी वाचायचं, मग ओढायचं," मी म्हटलं. त्याने दुसऱ्या बाजूने दांडा लावला आणि पाचही नट एका दमात सोडले.

सकाळी १०.३०

अडाजणहून एक तरुण बुलेट घेऊन आला. आजोबांची आहे, मद्रासला बनलेली. रॉयल एन्फिल्डचा मद्रासचा कारभार १९५५ साली सुरू झाला आणि सुरुवातीच्या गाड्यांमध्ये मापं सगळी इंग्रजी. मुलाने चकचकीत नवा पान्यांचा संच सोबत आणलाय आणि त्यातला एकही नीट बसत नाही म्हणून तो हैराण आहे. मी त्याला तिसऱ्या फळीसमोर उभं केलं.

जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये सांगितलं की देशातल्या प्रत्येक कारखान्याने आपापले आटे पाडायचे थांबवावेत, सगळ्यांचे आटे एक असावेत. आट्याचा कोन ५५ अंश आणि इंचात किती आटे हे बोल्टच्या जाडीवरून ठरलेलं. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेलच असं नव्हतं. रेल्वे, गिरण्या, जहाजं, सगळीकडे हेच माप गेलं आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आलं.

मी फळीवरचा एक पाना त्याच्या हातात दिला. त्यावर पाव इंच आणि 'डब्ल्यू' असं लिहिलेलं. त्याने कॅलिपर लावून तोंड मोजलं तर १३.३ मिलिमीटर आलं, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा जास्त. तो गोंधळला. गोम अशी की व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या तोंडाचा नसतो, त्या नटात जाणाऱ्या बोल्टच्या जाडीचा असतो. त्यातून बारीक आट्यांचं दुसरं इंग्रजी माप बीएसएफ. त्याच पान्यावर दुसऱ्या बाजूला पाच-सोळांश बीएसएफ लिहिलेलं असतं आणि तोंड तेच. एकाच पान्याला दोन नावं. नव्या संचातला तेरा त्याला जात नाही आणि चौदा घसरतो.

आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली. टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या साथीने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, तेव्हा ट्रकच्या गॅरेजांत मिलिमीटर आलंच होतं. जीपबरोबर अमेरिकन इंच आला, बुलेटबरोबर व्हिटवर्थ. वडिलांच्या पिढीच्या मेकॅनिकने या तिन्ही भाषा पान्यांतून शिकून घेतल्या. पुस्तक कुणी दिलं नाही. हाताने नट चाचपून ते सांगत, "हा इंग्रज आहे, हा अमेरिकन."

त्या मुलाला पाना घरी नेऊ दिला नाही. इथेच बसून काम कर, म्हटलं. तो दोन तास बसला. जाताना त्याचे हात काळे होते आणि गाडीचा एकही नट गोल झालेला नव्हता.

दुपारी १२.१५

हजीऱ्याची फेरी लागली की तासाभरात रस्त्यावर भावनगर पासिंगच्या गाड्या दिसू लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये हजीरा-घोघा रो-पॅक्स सेवा सुरू झाली. गाडी जहाजात चढवायची आणि पलीकडे उतरवायची. रस्त्याने खंभातच्या आखाताला वळसा घालून जे अंतर ३७० किलोमीटर होतं, ते समुद्रातून ९० झालं. सौराष्ट्रातल्या माणसांसाठी ती मोठी सोय झाली. माझ्यासाठी अलंग जवळ आलं.

भावनगर जिल्ह्यातल्या अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जगभरातली निवृत्त जहाजं येऊन फुटतात. भरतीच्या पाण्यावर जहाज किनाऱ्यावर चढवतात आणि मग माणसं ते तुकड्या-तुकड्याने उतरवतात. पोलाद भट्ट्यांना जातं. पण जहाज म्हणजे तरंगतं गाव. त्यातले पलंग, भांडी, दारं, दिवे आणि इंजिनरूममधली हत्यारं अलंगच्या रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला येतात.

तिथला एक ओळखीचा व्यापारी महिन्या-दोन महिन्यांनी छोट्या टेम्पोतून फेरीने येतो. आज त्याने गोणपाट उघडलं तेव्हा आत जाड, आखूड दांड्याचे ठोक्याचे रिंग पाने होते. यांना हाताने ओढत नाहीत. दांड्याच्या शेवटी चौकोनी ठोकळा असतो, त्यावर घण मारतात. एकाचं वजन पाच किलो भरलं. एका लांब गोटीवर जर्मनीतल्या वुपरटालच्या श्टालविलेचं नाव होतं. जहाजाच्या इंजिनाला वापरलेली म्हणजे खोलवर गंज असेल असं वाटतं, पण तसं होत नाही. इंजिनरूममध्ये सगळीकडे तेल असतं आणि तिथले लोक शिस्तीचे. फळीवर हत्याराची आकृती रंगवायची ही पद्धत मी अशाच एका उतरवलेल्या जहाजी फळीवरून उचलली आहे.

व्यापारी वजनावर विकतो. मी प्रत्येक पाना दोरीला टांगून हातोडीने हलका टोला मारतो. निकोप पोलाद घंटेसारखं वाजतं आणि तडा असेल तर आवाज बसका येतो. सातपैकी पाच घेतले. एकाच्या तोंडात केसाएवढी चीर होती. तो मी परत केला आणि व्यापाऱ्यालाही सांगितलं, भाई, हा कुणाला विकू नका, भट्टीतच जाऊ दे.

दुपारी १.३०

जेवण. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, आणि मोसम आहे म्हणून शेजारच्या घरून आलेला पोंक, कोवळ्या ज्वारीचा, वर शेव आणि लिंबू. आई म्हणते, आपल्याकडे हाच हुरडा. पोऱ्या तिच्या शेजारी बसून जेवतो.

जेवताना विषय निघाला तो पुराचा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला आणि सुरत कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. आमचं गॅरेज तेव्हा अडाजणला होतं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर कमरेएवढ्या उंचीपर्यंत चिखल. वडिलांची पेटी त्याच्या तळाशी. आम्ही तीन दिवस हाताने चिखल चाळत होतो.

त्याच आठवड्यात आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांनी गंजलेली हत्यारं भंगारात घातली. घर वाहून गेलेलं, पोरांची पुस्तकं गेलेली, अशा वेळी गंजलेला पाना कोण बघतो? त्यांना दोष देता येत नाही. पण भंगारवाल्याच्या हातगाडीवर मला ओळखीचे पाने दिसले. हा अमक्या उस्तादचा पुलर, ही तमक्याची टॉमी. लहानपणी ज्यांच्या हातात पाहिलं होतं ती हत्यारं किलोच्या भावाने चालली होती. माझ्याकडेही पैसे नव्हते. वडिलांनी खिशातून काढून दिले आणि म्हणाले, "सगळं नको. ज्याचं काम तुला माहीत आहे तेवढंच घे." माझा संग्रह त्या हातगाडीपाशी सुरू झाला आणि त्यांचा तो शब्द मी आजही पाळतो.

दुपारी २.३०

गंज काढायची वेळ. उन्हाळ्यात नको वाटतं आणि पावसाळ्यात धुतलेलं लोखंड वाळेपर्यंत पुन्हा लाल होतं. हिवाळा बरा.

मागच्या अंगणात प्लॅस्टिकचा पिंप आहे. त्यात पाणी आणि लिटरमागे साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. पिंपाच्या कडेने जुन्या लोखंडी पट्ट्या उभ्या लावल्या आहेत, त्यांना बॅटरी चार्जरचा धन जोड. मधोमध तारेला टांगलेला गंजका पाना, त्याला ऋण जोड. चार्जर सुरू केला की पान्याभोवती बारीक बुडबुडे उठतात. गंज सैल होत जातो आणि खालचं निरोगी लोखंड खाल्लं जात नाही. आम्लात टाकलेल्या हत्याराचं लोखंडही थोडंथोडं जातं, तो धोका इथे नाही. जोड उलटे लावले तर मात्र पानाच खाऊन जाईल, म्हणून चार्जर लावायच्या आधी दोनदा बघायचं.

दोन गोष्टी पोऱ्याला रोज सांगतो. कडेला स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीच लावायची नाही, तिच्यातल्या क्रोमियमचं विषारी पाणी होतं. आणि हे काम उघड्यावरच करायचं, जवळ बिडी किंवा ठिणगी नको, कारण त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. स्प्रिंगची हत्यारंही यात टाकत नाही. त्यांना रॉकेल, ब्रश आणि वेळ.

काल रात्री लावलेला एक स्क्रू पाना आज बाहेर काढला. वर काळा चिखल. पितळी ब्रशने घासला, गरम पाण्याने धुतला, पुसला आणि उन्हात ठेवला. काळेपणाखालून आधी 'मेड इन इंग्लंड' वर आलं, मग 'किंग डिक'. बर्मिंगहॅमच्या कारखान्याचा पाना. हे नाव मालकाच्या बक्षीस मिळवलेल्या बुलडॉगवरून पडलं. हा भरूचजवळच्या एका शेतात पंपाच्या खोलीत पडून होता. चकती अडकलेली होती. तेलाचे दोन थेंब सोडून अंगठ्याने हलवत राहिलो. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला जबडा केसभर सरकला, मग बोटभर, मग पूर्ण उघडला.

यानंतर मी ग्राइंडर लावत नाही. ग्राइंडरने पाना आरशासारखा होतो, पण अक्षरं जातात, जबड्याची कड गोल होते, आणि जास्त तापला तर पोलादाचं पाणी उतरतं. मग तो दिसायला पाना उरतो. लाकडी मुठींना जवसाचं तेल, तीन दिवस, रोज एक हात. बाकी जसं आहे तसं.

दुपारी ४.००

आता हे सांगायलाच हवं, कारण जुन्याच्या प्रेमात माणूस चुकतो. मी चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या बाटली जॅकवर माझा फार विश्वास होता. जड, ओतीव, दिसायला देखणा. गाडी उचलली, खाली घोडी, म्हणजे टेकूचा लोखंडी स्टँड, लावली नाही, पट्ट्याचा बोल्ट घ्यायला वाकलो आणि जॅक खाली बसला. आतलं रबराचं वॉशर गेलं होतं. चाक लावलेलं होतं म्हणून गाडी चाकावर टेकली. तेव्हापासून नियम केलाय. गाडी उचलायला जॅक, पण पेलायला घोडी. आणि जुना जॅक कितीही चांगला दिसला तरी सील बदलल्याशिवाय गाडीखाली जाणार नाही.

आज टॉर्क पाना तपासायचा होता. वडिलांच्या काळातला, सरळ दांड्याचा, वर काटा आणि पट्टी. चौकोनी तोंड वाइसमध्ये धरलं, दांडा आडवा ठेवला, आणि तोंडाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर दहा किलोचं वजन टांगलं. काटा पाच किलो-मीटरवर यायला हवा. दांड्याचं स्वतःचं वजन आधीच धरून ठेवलेलं. काटा पाचच्या रेघेवर आला. साध्या पोलादाच्या वाकण्यावर चालणारं हे हत्यार पन्नास वर्षं खरं बोलतंय. 'कट' आवाज करणारे नवे टॉर्क पाने मी प्रयोगशाळेतून दरवर्षी तपासून आणतो आणि रात्री ठेवताना त्यांची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर सैल करतो.

छिन्न्यांची डोकी आज घासली. ठोकून ठोकून डोकं छत्रीसारखं पसरतं आणि एक दिवस त्याचा तुकडा उडून डोळ्यात जातो. ती कड ग्राइंडरने काढलीच पाहिजे. तिथे जुनेपणाची कसली माया नको.

संध्याकाळी ५.३०

हजीऱ्याच्या कारखान्यांतून पोलादाच्या कॉइल घेतलेले ट्रेलर या वेळी बाहेर पडतात. एक दारात थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि गॅरेजच्या पाटीवरचं खानदेशी नाव वाचून हसला. "नाना, बत्तीसनी गोटी शे का?" एरंडोलचा निघाला. मागच्या चाकाचा एक नट सुटत नाही, टायर बसलंय, आणि रात्रीत धुळ्याला पोचायचंय.

नट कुठेतरी हवेच्या गनने बेफाम आवळलेला. दांड्याला लांब पाइप घालून दोघांनी ओढायची रीत आहे, पण त्यात दांडा तुटतो आणि माणसं तोंडावर पडतात. मी जहाजाच्या फळीवरून तीन चतुर्थांश इंची दांड्याची जाड गोटी घेतली. ही गोटी अलंगहूनच आलेली. दांडा मीटरभर, गोटी नटावर शेवटपर्यंत बसवलेली, खाली घोडीचा टेकू, म्हणजे तोंड वाकडं होत नाही. दोघांनी मिळून वजन टाकलं. नट फिरला.

एके काळी प्रत्येक पान्याला स्वतःचा दांडा असायचा. १९२० मध्ये अमेरिकेत स्नॅप-ऑनने पाच दांडे आणि दहा बदलत्या गोट्या विकायला काढल्या, आणि पन्नास पान्यांचं काम त्या पाचांनी होतं असं सांगितलं. आज आपल्याला ते इतकं सवयीचं आहे की त्यात कुणाची बुद्धी होती हे लक्षातही येत नाही. जहाजाची गोटी आणि माझा दांडा एकमेकांत बसले, कारण त्या चौकोनाचं माप जगभर एक आहे.

ड्रायव्हर पैसे द्यायला लागला. मी घेतले, कारण काम होतं. पण गोटीचे नाही, म्हटलं. त्याने आईसाठी गावाकडच्या शेंगदाण्याची पिशवी ठेवली आणि गाडी रस्त्याला लावली.

संध्याकाळी ७.१५

आवराआवर. समुद्राकडचा वारा सुरू झालाय, म्हणजे खार येणार. प्रत्येक पाना पुसून जागेवर. मग वही. या वहीत प्रत्येक हत्याराचं एक पान आहे. कुठून आलं, कुणाचं होतं, त्यावर काय कोरलंय, कुठल्या गाडीच्या कुठल्या नटाला लागतं. आजच्या तारखेला किंग डिकचं पान उघडलं. भरूच, पंपाची खोली, चकती मोकळी केली, जबडा सरळ, वापरण्याजोगा.

पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी जमवली आणि तो सगळा संग्रह सरकारला दिला. राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलेल्या माणसाला कळतं की साध्या अडकित्त्यात किती कारागिरी होती. मोटारींचंही जतन होतं. अहमदाबादजवळ कठवाड्याला ऑटो वर्ल्डमध्ये शंभरावर जुन्या गाड्या आहेत. पण त्या गाड्या ज्या हातांनी आणि ज्या पान्यांनी चालत्या राहिल्या, त्यांची नोंद जवळपास कुठेच नाही. उस्तादांनी लिहिलं नाही. त्यांची पेटी त्यांच्या माघारी पोरांनी विकली, आणि पेटीबरोबर कुठला पाना कशाला लागतो हे ज्ञानही गेलं. म्हणून माझ्या वहीत किंमत लिहिलेली नाही. काम लिहिलंय.

पोऱ्याने फळ्यांवर नजर फिरवली. दुसऱ्या फळीवर एक लाल आकृती उघडी होती, नऊ-सोळांशाची. तो जीपखाली गेला, चेसीच्या खाचेत राहिलेली गोटी घेऊन आला, पुसली आणि टांगली.

"सगळे जागेवर, दादा."

रात्री ९.००

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. घरोघरी कोयता, विळा, हातोडी, पाना, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. मी ती पूजा मनापासून करतो. पण दुसऱ्या दिवशी तो पाना पुन्हा नटावर बसला तरच ती पूजा पोचली असं मला वाटतं.

वाचकांना एवढंच सांगायचंय. तुमच्या घरात, माळ्यावर किंवा बंद पडलेल्या दुकानात वडिलांची, काकांची, आजोबांची हत्यारांची पेटी असेल. भंगारवाला दारात येण्याआधी ती एकदा उघडा. फडक्यावर थोडं रॉकेल घ्या आणि प्रत्येक हत्यारावरची अक्षरं पुसून वाचा. ज्यांनी ते वापरलं ते हयात असतील तर त्यांच्या शेजारी बसून विचारा, हे कशाला लागायचं, आणि ते जे सांगतील ते लिहून ठेवा. तुम्हाला वापरायचं नसेल तर जवळच्या गॅरेजमधल्या शिकाऊ पोराला द्या, त्या लिहिलेल्या कागदासकट. किलोच्या भावात पाना जातो, तेव्हा त्याच्याबरोबर तो कागदही जातो.

उद्या सकाळी साडेपाचला तिसरी फळी पुसायची आहे.